तेच पान, दोन फुलं: लोकरीच्या तोरणांची एक ऑर्डर

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला तालुक्याचं एक गाव आहे आणि नदीपलीकडे सात किलोमीटरवर एक वाडी. हे सगळं घडलं ते एवढ्याच टापूत. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं गाळली आहेत. क्रोशानं लोकरीची फुलं विणणाऱ्या आमच्या बायकांच्या गटात एकमेकींना ज्या नात्यानं हाक मारतात, तीच हाक इथं ठेवली आहे. गटाचा हिशोब मी बघते. त्यामुळे पुढे ज्या चुका येतील त्यातल्या एक-दोन माझ्या आहेत, आणि त्या आल्या की सांगेनच.

गट अकरा जणींचा. गावातल्या सहा, वाडीतल्या पाच. गावातल्या सहाजणींना क्रोशा शिकवला काकूंनी. काकू बालवाडीच्या निवृत्त शिक्षिका. त्यांचं शिक्षण बहिणीच्या रुखवतासाठी झालेलं: ताटावरचे रुमाल, फुलपात्राच्या जाळ्या, दाराचं तोरण. टाक्यांची नावं म्हणून त्यांच्या तोंडी साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब याखेरीज दुसरा शब्द येत नाही. वाडीचा भाग वहिनी सांभाळतात. त्यांची मुलगी कॉलेजात आहे. ती मोबाइलवरचे व्हिडिओ बघून शिकली आणि तिनं वाडीतल्या बाकीच्यांना शिकवलं. ऑर्डरी, फोन, गिऱ्हाईक हे ताईंचं खातं.

२०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या मखरांवर बंदी आली, तेव्हापासून गणपतीच्या सजावटीत कापड, कागद आणि लोकर यांना मागणी वाढली. आमचं बरंचसं काम त्याच वाटेनं आलं. (ज्या लोकरीची फुलं आम्ही करतो ती अॅक्रिलिकची, म्हणजे तीही शेवटी प्लास्टिकच. पण ती दरवर्षी पेटीत घालून ठेवता येते, या एका गोष्टीवर गिऱ्हाईक खूश असतं. आम्हीही तेवढ्यावर समाधान मानतो.)

८ जुलै २०२४ ला पुण्याच्या एका सजावटवाल्याची ऑर्डर आली. ३ फुटी तोरणं ७०, प्रत्येकात २१ फुलं: १५ आडव्या पट्टीवर आणि दोन्ही टोकांना तीन-तीन लोंबती. शिवाय मखराच्या मागच्या पडद्यासाठी ५ फुटी लडी ४०, प्रत्येकीत १२ फुलं. एकूण १,९५० फुलं, झेंडूच्या रंगात: मधला गोल आणि आतल्या पाकळ्या केशरी, बाहेरच्या पाकळ्या पिवळ्या. माल २२ ऑगस्टला पोचायला हवा होता, कारण गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती आणि त्याला दुकान सजवायला दोन आठवडे लागणार होते. तोरण ४०० रुपये, लडी २५०. एवढं मोठं काम गटाला पूर्वी कधी मिळालं नव्हतं.

फूल

फुलाचा नमुना काकूंच्या जुन्या फाइलमधला. इंग्लंडात छापलेलं एक पान, घडीवर फाटलेलं. फूल दुहेरी पाकळ्यांचं, आणि काकू ते असं सांगतात:

सहा साखळ्यांचं कडं करायचं. कड्यात बारा मुके खांब. मग तीन साखळ्या, एक टाका सोडून पुढच्यात मुका खांब, असं सहा वेळा. सहा कमानी झाल्या. प्रत्येक कमानीत एक मुका खांब, एक अर्धा, तीन खांब, एक अर्धा, एक मुका. ही झाली आतली पाकळी. आता फूल उलटं धरायचं, रंग बदलायचा आणि पाकळ्यांच्या पाठीमागून पाच-पाच साखळ्यांच्या सहा कमानी टाकायच्या. त्यात मुका, अर्धा, पाच खांब, अर्धा, मुका.

शेवटची ओळ घालताना काकू नेहमी एक गोष्ट करतात. सुई पाठीमागून घालताना डाव्या हाताच्या अंगठ्यानं आतली पाकळी पुढे मुडपून धरतात. तसं केलं नाही तर कमान पाकळीच्या टोकाला अडकते आणि दुसरा थर वर न उमलता पहिल्याच्या आड चेपून बसतो. छापील पानात हे नाही. ते हातानंच शिकवावं लागतं.

आठपदरी लोकर आणि ३.५ मिलिमीटरची सुई घेतली की काकूंचं फूल बरोबर ५.५ सेंटिमीटरचं होतं. लोकर साधारण २ ग्रॅम लागते. फुलाला चार टोकं सुटतात, ती मागच्या बाजूला सुईनं लपवावी लागतात. लपवताना वेळ किती जातो, हे दर ठरवताना मी विचारातच घेतलं नव्हतं. काकूंना घड्याळ लावून एक फूल करायला लावलं, अठरा मिनिटं लागली, त्यावरून फुलाला ८ रुपये मजुरी धरली. काकूंच्या हाताला पन्नास वर्षांची सवय आहे. बाकीच्यांना टोकांसकट अर्धा तास लागत होता, म्हणजे तासाला १६ रुपये. ही माझी पहिली चूक.

अडचण

जुलैचा दुसरा आठवडा म्हणजे भातलागणीचे दिवस. वाडीतल्या बायका दिवसभर चिखलात, विणकाम रात्री. त्यातच नदीच्या फरशी पुलावरून पाणी वाहायला लागलं आणि वाडीचं येणं-जाणं बंद झालं. त्यामुळे ठरलेलं शिकवणीचं बसणं झालंच नाही. ताईंनी काकूंच्या पानाचा फोटो काढून वहिनींच्या मोबाइलवर पाठवला. लोकर आधीच पोचली होती. नमुन्याचं फूल ताईंच्या कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत होतं. ते फरशीवरचं पाणी उतरल्यावर पाठवू, असं ठरलं. पाणी उतरायला तीन आठवडे लागले. तोवर फूल कपाटातच राहिलं.

२८ जुलैला, रविवारी, वाडीचा माल दोन पोत्यांतून आला: ४२० फुलं. गावातली ५३० झाली होती. काकूंच्या पडवीत सगळ्या जमलो. पहिलं तोरण ओवायला घेतलं ते वाडीच्या फुलांचं, कारण ती वर होती. पंधरा फुलं ओवून काकूंनी स्वतःच्या दाराच्या चौकटीला लावून बघितली. तोरण चौकट ओलांडून दोन्ही बाजूंना भिंतीवर गेलं. काकूंना वाटलं, सैल ओवलंय. परत ओवलं, तेवढंच. मग कुणीतरी गावातलं एक फूल उचलून वाडीच्या फुलावर ठेवलं आणि ते त्याच्या मध्यात बसलं, ताटात वाटी बसावी तसं. वाडीचं फूल ८ सेंटिमीटरचं होतं.

पहिला अर्धा तास ओरडण्यात गेला. सुई मोठी घेतली असेल, लोकर बदलली असेल, हात सैल असेल. वहिनींनी पिशवीतून सुई काढून दाखवली: ३.५. लोकर आम्हीच दिलेली. वहिनी एवढंच म्हणाल्या, "अहो काकू, कागदावर होतं तेच केलं. शब्दाला शब्द."

आणि तेही खरंच होतं.

क्रोशाच्या इंग्रजी शब्दांत एक जुना घोळ आहे. ज्या टाक्याला आपण मुका खांब म्हणतो, म्हणजे सुईवर वेढा न घेता घातलेला, त्याला ब्रिटनमध्ये 'डबल क्रोशे' म्हणतात आणि अमेरिकेत 'सिंगल क्रोशे'. आपला खांब, एक वेढा घेऊन घातलेला, ब्रिटनमध्ये 'ट्रेबल' आणि अमेरिकेत 'डबल क्रोशे'. अमेरिकेत 'ट्रेबल' म्हणजे दोन वेढ्यांचा लांब खांब. म्हणजे सगळी शिडी एका पायरीनं सरकलेली. काकूंचं पान ब्रिटिश. वहिनींची मुलगी अमेरिकन व्हिडिओंवर शिकलेली. तिनं 'डबल'ला खांब म्हटलं, 'ट्रेबल'ला दोन वेढ्यांचा खांब, आणि 'हाफ ट्रेबल' हा तिच्या ओळखीचा नसलेला शब्द अंदाजानं खांबात घातला.

त्या पानावर एक खूण होती, पण ती बघायला शिकलेलं कुणी नव्हतं. पूर्ण पानात 'सिंगल' हा शब्द एकदाही नाही. आखडती विण लागणाऱ्या फुलात 'सिंगल' नसेल, तर पान ब्रिटिश असण्याचाच संभव जास्त.

चूक आधी लक्षात का आली नाही, याचं कारणही फुलातच आहे. कड्यात बारा मुके खांब घाला की बारा खांब, गोल दोन्ही वेळा सपाटच बसतो. कमानीही तेवढ्याच, पाकळ्याही तेवढ्याच. एखादा टाका चुकला तर फूल वाकडं होतं आणि ओरडून सांगतं. इथं सगळेच टाके सारख्या मापानं चुकले, म्हणून फूल देखणं झालं. खरं सांगायचं तर मला स्वतःला मोठंच जास्त आवडलं होतं.

समोरचे पर्याय

उरलेले दिवस २५. सगळं मोठं बाद धरलं तर १,४२० फुलं शिल्लक, आणि वीस दिवसांचा आमचा वेग होता दिवसाला साधारण ४५. म्हणजे तीनेकशे फुलं कमी पडणार होती. त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी पाच गोष्टी बोलण्यात आल्या.

उसवायचं. मोठ्या फुलात लोकर जास्त असल्यामुळे हिशोबानं त्यातून छोटं फूल निघायला हवं होतं. वहिनींनी तिथंच बसून दोन फुलं उसवून बघितली. लपवलेली टोकं शोधायलाच दहा मिनिटं गेली, कारण त्यांनी ती नीट लपवली होती. निघालेली लोकर शेवयांसारखी कुरळी. ती वाफेवर सरळ होते, पण ४२० फुलांची लोकर वाफेवर धरत बसणं शक्य नव्हतं. या पर्यायावर आमचे जवळजवळ दोन दिवस गेले, तेही प्रत्येकीला 'लोकर वाया' हा शब्द टोचत होता म्हणून.

एकाच तोरणात छोटी-मोठी मिसळायची. काकूंनी चार ओवून बघितली आणि लगेच सोडून टाकली. "पंगतीत एकाला ताट अन् एकाला द्रोण वाढल्यासारखं दिसतंय."

मोठ्या फुलांची वेगळी तोरणं करायची. ११ मोठी फुलं ३ फुटांत बसतात. पण गिऱ्हाइकानं खोक्यावर '२१ फुलांचं तोरण' असं आधीच छापून घेतलं होतं.

मोठी फुलं बाजूला ठेवायची आणि बाकीचं जेवढं होईल तेवढं द्यायचं.

पाचवी गोष्ट मावशींनी सुचवली. मावशी गटात नव्या, बोलत कमी. त्यांनी पोत्यातली फुलं जमिनीवर एका ओळीत मांडली आणि विचारलं, "लडीत फुलं चिकटून असतात का लांब लांब?" लडी ५ फुटी, फुलं १२. छोट्या फुलांच्या मधली मोकळी जागा साधारण ७ सेंटिमीटर येत होती. मोठी घातली तर साडेचार. लांबी तीच, संख्या तीच. फरक सगळा मोकळ्या जागेत जिरत होता. ४२० फुलांत ३५ लडी पूर्ण होत होत्या. पाच लडींची ६० फुलं आणखी करायची.

हे उत्तर पहिल्या तासाभरात सापडू शकलं असतं. सापडलं नाही, कारण आम्ही 'चुकलेली फुलं' हाच शब्द वापरत होतो. ऑर्डरीच्या कागदावर तोरण आणि लडी या दोन वेगळ्या ओळी होत्या, त्याकडे कुणी परत बघितलंच नाही.

गिऱ्हाइकाला सांगायचं की नाही

इथं गटात सरळ दोन तट पडले. ताईंचं म्हणणं, सांगायचं नाही. लडी मखराच्या मागे जाणार, तिथं कोण फूटपट्टी लावणार? सांगितलं की तो भाव पाडणार. मी ताईंच्या बाजूनं होते, हे कबूल करते. काकू ठाम होत्या. लडी आणि तोरण एकाच मखरावर लागणार, एकमेकांशेजारी, आणि ज्याचा धंदाच सजावट आहे त्याला हा फरक खोकं उघडल्या उघडल्या दिसणार. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांना वाटत होतं की सांगितलं तर नाव वाडीचं खराब होईल, आणि त्यात तथ्य होतं.

शेवटी ३० जुलैला ताईंनी फोन केला. वाक्य आधी ठरवून ठेवलं होतं: लडीसाठी मोठं फूल केलंय, तुम्हाला एक लडी पाठवतो, बघून सांगा. यात वाडीचा उल्लेख नव्हता, आणि खोटंही काही नव्हतं. पुण्याला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर एक लडी, एक तोरण पाठवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: लडीला मोठं फूल चालेल, उलट लांबून उठून दिसतंय, तोरणात मात्र एकही मोठं नको. भाव त्यानं पाडला नाही. पाडला असता तर काकूंचं म्हणणं चुकीचं ठरलं असतं का, यावर आम्ही नंतर बरेचदा वाद घातलाय. माझं मत आता काकूंसारखं आहे, पण ते ऑर्डर पार पडल्यावर झालेलं मत आहे, हेही खरं.

काय केलं

इंग्रजी पान बंद. काकूंनी वहीच्या पानावर फुलाची आकृती काढली: मुक्या खांबाला फुली, अर्ध्याला आडवी टोपी घातलेली उभी रेघ, खांबाला तीच टोपी आणि उभ्या रेघेवर एक तिरकी काट. छापील आकृत्यांत हीच पद्धत असते. खांबावरच्या तिरक्या काटा मोजल्या की सुईवर किती वेढे घ्यायचे ते कळतं (अर्ध्याला काट नसली तरी वेढा एक असतो), मग पान कुठल्याही देशाचं असो. खाली मराठीत एक ओळ: "मुका = वेढा नाही. खांब = एक वेढा." बस.

माप कसं तपासायचं हा प्रश्न वहिनींनीच सोडवला. फूल मऊ असतं, पट्टीवर ओढाल तेवढं ताणतं, त्यामुळे प्रत्येकीची पट्टी वेगळं सांगते. वहिनींनी हातातली सव्वादोनची बांगडी काढली आणि त्यात छोटं फूल ठेवलं. सव्वादोन म्हणजे आतला व्यास सव्वादोन इंच, ५.७ सेंटिमीटर. फूल त्यात मावतं, पाकळी दुमडत नाही आणि कडेला बोट जात नाही. दुसऱ्या दिवशी अकराही घरांत एकेक सव्वादोनची बांगडी पिशवीत गेली. या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात कामाची गोष्ट ही, आणि ती ज्या घरात माप चुकलं तिथूनच आली.

पण हात पटकन बदलत नाही. तीन आठवडे लांब खांब घातलेल्या बायका एकदम मुक्या खांबावर आल्या, तेव्हा 'आता मोठं होऊ द्यायचं नाही' या धास्तीनं विण आवळली गेली. वाडीतल्या दोघींची पहिली शंभरेक फुलं ५ सेंटिमीटरची आली. बांगडीत हलायची. ती बाद केली नाहीत. तोरणाच्या लोंबत्या टोकांना तीन-तीन फुलं असतात, तिथं घातली. लोंबतं टोक कुणी मोजत नाही. धास्ती गेल्यावर हात आपोआप सैलावला.

पैशांचा प्रश्न

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वहिनी हिशोबाला बसल्या. मोठ्या फुलाला लोकर दीडपट लागली होती, वेळही जवळपास तेवढाच जास्त. "फूल तुम्ही लडीत वापरलं, गिऱ्हाइकानं घेतलं. मग मजुरी छोट्या फुलाची कशी?" त्यांनी १२ रुपये मागितले.

गावातल्या काहीजणींना हे पटेना. त्यांचं म्हणणं, नमुन्याबाहेर काम केलं ते केलं, वर जादा पैसे? मी मध्यम मार्ग काढला, १० रुपये, आणि स्वतःवर खूश झाले. वहिनींनी मान्य केलं, पण ते मान्य करणं कसं होतं ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. त्यांनी वहीवर सही केली आणि चहा न घेता उठल्या.

वाडीच्या ४८० मोठ्या फुलांवर १० आणि १२ मधला फरक किती? ९६० रुपये. हा गुणाकार मी त्या दिवशी केला नाही. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं ऐकलं की न्याय झाला, असं धरून चालले. पण इथं दोन बाजू नव्हत्याच. पान पाठवलं आम्ही, नमुना कपाटात ठेवला आम्ही, आणि काम पूर्ण करून विकलं गेलं. १२ द्यायला हवे होते.

निकाल

९ ऑगस्टला नागपंचमी आणि १९ ला राखीपौर्णिमा. त्या दोन दिवसांच्या आगेमागे अर्धा गट माहेरी किंवा पाहुण्यांत. हे दिवस जुलैतच कॅलेंडरवर दिसत होते, वेळापत्रकात धरले नव्हते. २२ ऑगस्टला ४० लडी आणि ६१ तोरणं पुण्याला पोचली. नऊ तोरणं राहिली. चार दिवसांनी देतो म्हटलं तर गिऱ्हाइकानं सभ्यपणे नको म्हटलं. तोवर त्याची खोकी दुकानात मांडून झाली होती. ३८,००० च्या जागी ३४,४०० रुपये आले. मोठ्या फुलांत गेलेली जादा लोकर अर्धा किलोच्या आत होती. ज्या लोकरीसाठी आम्ही दोन दिवस उसवत बसलो होतो, ती एवढीच.

तीच ऑर्डर पुढच्या वर्षी परत आली. पण तोवर वहिनी आणि त्यांच्याबरोबरची एक जण गटातून बाहेर पडल्या होत्या. कारण विचारलं तर शेतीचं काम सांगितलं.

पुन्हा करायचं झालं तर

नमुन्याचं फूल लोकरीच्या पिशवीतच घालून पाठवायचं, हे आता नियमात आहे, आणि ते इतकं साधं आहे की लिहायला लाज वाटते. फरशीवर पाणी असलं तरी लोकर आधी गेलीच होती. तिच्याच पिशवीत फूल गेलं असतं. पहिली पाच फुलं झाली की बांगडीत ठेवून फोटो पाठवायचा, आणि तो बघेपर्यंत सहावं करायचं नाही.

खरा प्रश्न मात्र याच्या मागचा आहे. एकच फूल दोन ठिकाणी करायला द्यायचंच का? १८४५ नंतर आयर्लंडात बटाट्याचा दुष्काळ पडला तेव्हा क्रोशाची लेस हा तिथल्या कितीतरी घरांचा पोटाचा आधार झाला. तिथं एखाद्या घरानं गुलाबच करायचा, दुसऱ्यानं पानंच करायची, आणि जोडणारी तिसरीच कुणी, अशी वाटणी असायची. एका घराचा गुलाब त्याच हाताचा, म्हणून एका मापाचा. आम्ही संख्या वाटली. वस्तू वाटायला हवी होती. तोरणाची फुलं गावात आणि लडी पूर्ण वाडीकडे दिल्या असत्या, तर वाडीचं फूल मोठं झालंच असतं आणि कुणाला कळलंही नसतं. पुढच्या वर्षी आम्ही तसंच केलं, फक्त लडी आता गावातच होतात.

त्या लडीसाठी गिऱ्हाइकानं मोठंच फूल मागितलं. दोन वेढ्यांचा खांब घालून, आठ सेंटिमीटरचं. काकूंनी करून बघितलं, मावशींनी केलं, माप बरोबर आलं. पण वाडीच्या फुलाची पाकळी टोकाला जराशी आत वळायची, पाणी धरल्यासारखी, तशी आमची वळत नाही. टाके तेच आहेत. वहिनी ते फूल आता आठवडी बाजारात बांगड्यांच्या पथारीशेजारी बसून विकतात, एक २५ रुपयांना. मागच्या महिन्यात मी एक घेतलं, उलटं करून बघितलं. टोकं कुठे लपवलीत ते अजून सापडलेलं नाही.